पिशवीतलं कार्ड : ‘मन होत नाही’ या तक्रारीचं एक प्रकरण

डिसेंबरचा दुसरा आठवडा. हिवाळी अधिवेशन सुरू झालेलं, पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरलेला, आणि सकाळच्या ओपीडीत मी स्वेटरवर शाल पांघरून बसले होते. समोरच्या बाईंनी पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, "मॅडम, पंखा लावता का थोडासा?"

मी पंखा लावला आणि लघवीबद्दल विचारत राहिले. त्या एका वाक्यात अर्धं निदान होतं, ते मला वीस मिनिटांनी कळलं.

वय ४२. नागपूरच्या हुडकेश्वर भागात घर, घरूनच पोळीभाजीचे डबे पुरवण्याचं काम. दोन मुलं, दोन्ही नॉर्मल डिलिव्हरी. नवरा भाड्याची गाडी चालवतो. (ओळख पटू नये म्हणून घरादाराचे काही तपशील बदलले आहेत.) तक्रार लघवीच्या जळजळीची. वर्षभरात तीनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता, पण लघवीचे दोन कल्चर रिपोर्ट त्यांच्याजवळ होते आणि दोन्हींत जंतू सापडले नव्हते. सोबत जाऊबाई होत्या आणि बहुतेक उत्तरं त्याच देत होत्या. "हिले पांढरं पाणी जात होतं पहिले, मंग पिशवी काढली, आता जळजळ होऊन राहिली." विदर्भात पिशवी म्हटलं की गर्भाशय, हे वेगळं सांगायला नको.

जाऊबाई नमुन्याची डबी घेऊन काउंटरवर गेल्या. दार लागलं तसं या खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू का? ऑपरेशन झाल्यापासून मले त्या गोष्टीचं मनच होत नाही. हे जवळ आले की अंग आक्रसून जाते. मले वाटते, माह्यातलं काहीतरी संपलं."

मग घाईघाईने पुढे, "याच्यावर काही गोळी असते का?"

जाऊबाई परत यायच्या आत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. मी त्यांना दोन दिवसांनी दुपारी, ओपीडी संपल्यावर एकटीने बोलावलं. आणि ऑपरेशनचे असतील नसतील तेवढे कागद घेऊन यायला सांगितलं.

चार वेगळ्या गोष्टी

‘मन होत नाही’ हे मराठी बायकांचं सगळ्यात सोयीचं वाक्य आहे. त्यात सगळं मावतं. दुखतं, कोरडं पडतं, सुख मिळत नाही, नवरा आवडत नाही, थकवा येतो, भीती वाटते, कोणी जबरदस्ती करतं, या सगळ्याला आपल्याकडे एकच बाहेरचं नाव आहे. आणि डॉक्टर घाईत असेल तर त्या नावावरच औषध लिहून मोकळा होतो. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत अशा किती जणींना लोहाच्या गोळ्या आणि ‘टेन्शन घेऊ नका’ देऊन पाठवलं असेल, याचा हिशेब नाही.

म्हणून आता मी चार गोष्टी सुट्या करून विचारते. इच्छा होते का. अंग तयार होतं का, म्हणजे ओलावा येतो का. शेवटचं जे सुख असतं, ते मिळतं का. आणि दुखतं का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकींकडे शब्दच नसतो. या बाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ते सगळं सैल पडून जाते ना, ते?" इतकं नेमकं वर्णन मी पुस्तकातही वाचलेलं नाही. "ते पहिले होत होतं. चार वर्षं झाले, नाही."

पहिले होत होतं, हेच महत्त्वाचं. जन्मापासून नसणं आणि असलेलं जाणं यांची कारणं वेगळी असतात. असलेलं गेलं तर तारीख शोधायची. त्यांची तारीख ठरलेली होती, ऑपरेशन. त्याआधी इच्छा होती, "रोज नाही, पण होती". ऑपरेशननंतर तीनेक महिन्यांनी संबंध आला तेव्हा चिरल्यासारखं दुखलं. नंतर प्रत्येक वेळी दुखलं. नंतर दुखण्याच्या आधीच भीती वाटू लागली. मन गेलं ते सगळ्यात शेवटी.

हा क्रम मी कागदावर लिहून घेतला, कारण पुढची सगळी उपचारांची मांडणी त्यावर उभी राहिली. दर वेळी तापलेल्या तव्याला हात लागणार हे माहीत असेल तर हात मागे येणारच. त्याला इच्छेचा आजार म्हणत नाहीत.

एकट्या असतानाच विचारायचा आणखी एक प्रश्न असतो : घरात मारहाण, जबरदस्ती होते का? नाही, म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण नाही म्हणता येत नाही ना मॅडम. किती दिवस नाही म्हणणार?" याचीही नोंद केली.

इथे एक खुलासा. इच्छा कमी असणं म्हणजे आपोआप आजार नव्हे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत ३० हजारांहून जास्त स्त्रियांना विचारलं होतं. सुमारे ४३ टक्के जणींनी काही ना काही लैंगिक अडचण सांगितली, पण अडचणही आहे आणि तिचा त्रासही होतो अशा होत्या सुमारे १२ टक्के. निदानाच्या निकषांतही हा त्रास लागतोच, आणि तक्रार साधारण सहा महिने टिकलेली असावी लागते. जिला काही वाटत नाही तिला उगाच रुग्ण करू नये. या बाईंना वाटत होतं. चार वर्षं वाटत होतं.

कार्ड

दोन दिवसांनी त्या आल्या ती साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी घेऊन. आत मुलाची लसीकरणाची कार्डं, रेशनकार्डाची झेरॉक्स, सोनोग्राफीच्या काळ्या पडलेल्या फिल्म, आणि सगळ्यात खाली चार घड्या घातलेलं डिस्चार्ज कार्ड. घडीवर शाई पुसली गेली होती. एक ओळ मात्र स्पष्ट होती : ‘टी.ए.एच. विथ बी.एस.ओ.’

पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ, पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढलं. पुढच्या तिन्हींचा अर्थ, दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही बीजांडकोशही काढले. म्हणजे ओव्हरी.

"तुमच्या ओव्हरी पण काढल्या आहेत, हे सांगितलं होतं का?"

"पिशवी काढली म्हणून सांगितलं. ते म्हणले, सगळं साफ करून टाकलं, उद्या कॅन्सरची भानगड नको."

सोबत पॅथॉलॉजीचा रिपोर्टही होता. गर्भाशयात गाठी, साध्या, कर्करोगाच्या नव्हेत. दोन्ही बीजांडकोश निरोगी.

ऑपरेशन झालं तेव्हा त्या ३८ वर्षांच्या होत्या. आपल्याकडे पाळी नैसर्गिकपणे जाते ती सरासरी ४६-४७ च्या आसपास. या बाईंची रजोनिवृत्ती एका सकाळी, भूल दिलेल्या अवस्थेत, तासाभरात होऊन गेली, आणि त्यांना कोणी सांगितलंच नाही. पाळी थांबली ती पिशवी नाही म्हणून, असाच त्यांचा समज. अंगातून वाफा निघतात, तो नागपूरचा उन्हाळा. उन्हाळा गेला तरी निघतात, तर मग बीपी असेल. रात्री झोप नाही, चिडचिड होते, म्हणून कोणी तरी नैराश्य-चिंतेवरची एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. ती दोन वर्षं चालू होती. लघवीची जळजळ, म्हणून अँटिबायोटिक. प्रत्येक डॉक्टरने आपापला तुकडा उचलला. कार्ड कुणीच उघडलं नव्हतं.

वारशाने येणाऱ्या कर्करोगाचा धोका नसेल तर चाळिशीच्या आतल्या बाईचे निरोगी बीजांडकोश जागच्या जागी ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे आणि आजची मार्गदर्शक तत्त्वंही त्याच बाजूची आहेत. पण ते ऑपरेशन ज्या टेबलावर झालं तिथे मी नव्हते, त्यामुळे त्याबद्दल इतकंच. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांवरून राज्य सरकारला समिती नेमावी लागली, तेव्हा चर्चा झाली ती पिशवीची. पिशवीसोबत आणखी काय गेलं, हा प्रश्न घरोघरच्या ट्रंकांमधल्या कार्डांवर तसाच पडून आहे.

तपासणी

तपासणीआधी मी सांगितलं की आज फक्त बघणार आहे, आणि तुम्ही ‘थांबा’ म्हणालात की हात बाजूला. दुखण्याची सवय झालेल्या बाईच्या तपासणीत हे वाक्य भुलीच्या इंजेक्शनाइतकं काम करतं.

योनिमुखाची त्वचा फिकट, पातळ, चकचकीत. आतल्या वळ्या जवळजवळ सपाट झालेल्या. लिटमससारख्या पट्टीने पीएच पाहिला तर ६.५. पाळी चालू असलेल्या बाईत तो साधारण ३.५ ते ४.५ असतो. बीजांडकोशांतून येणारं इस्ट्रोजेन हे हॉर्मोन असलं की योनीच्या अस्तरात साखरेचा साठा राहतो, त्यावर लॅक्टोबॅसिलस हे चांगले जीवाणू जगतात आणि ते आम्ल तयार करतात. दह्याचं विरजण टिकून राहावं तसं. इस्ट्रोजेन गेलं की विरजणच जातं. अस्तर पातळ होतं, रक्तपुरवठा घटतो, ओलावा येत नाही, आणि मूत्रमार्गाचं तोंडही त्याच भागात असल्यामुळे जंतू नसतानाही लघवीला जळजळतं. या सगळ्याला २०१४ पासून एकत्र नाव आहे, ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’. तीन अँटिबायोटिक कोर्सचं उत्तर इथे होतं.

कापसाच्या ओल्या काडीने योनिमुखाला घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे एकेका जागी स्पर्श केला. पाच आणि सात वाजण्याच्या जागी त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. परवानगी घेऊन एक बोट आत घातलं तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पार ताणलेल्या दोरीसारखे. ‘सैल सोडा’ म्हटलं की आणखी आवळत होते, आणि हे त्यांना कळतही नव्हतं. स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून पाहायचं उपकरण, त्या दिवशी वापरलंच नाही. पांढरे चट्टे, जखम, गाठ काही नव्हतं. त्वचेचा लायकेन स्क्लेरोसस हा आजारही अशीच आग लावतो, म्हणून तो मुद्दाम पाहिला.

तपासण्या मोजक्या केल्या : हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, कोलेस्टेरॉल, मॅमोग्राम. थायरॉइड, मधुमेह आणि रक्तक्षय हे इच्छा मारणारे नेहमीचे तीन शेजारी आहेत, ते घरात नाहीत याची खात्री करावी. तिन्ही नव्हते. ‘हॉर्मोन प्रोफाइल’ नावाचं महागडं पॅकेज मी केलं नाही. दोन्ही बीजांडकोश काढल्याचा कागद हातात असताना एफएसएच, म्हणजे बीजांडकोश थांबले की वाढणारं हॉर्मोन, मोजून काय वेगळं कळणार? टेस्टोस्टेरॉनचा आकडाही नाही, कारण अमुक आकड्याखाली इच्छा जाते अशी रेषा कोणालाच सापडलेली नाही. हाडांची घनता मात्र केली. कण्याचा टी-स्कोअर उणे १.६ आला. ४२ व्या वर्षी हाडं झिजायला लागली होती.

शेवटी स्त्रियांच्या लैंगिक आरोग्याची १९ प्रश्नांची प्रश्नावली मी मराठीत वाचून भरून घेतली. २६.५५ च्या वर गुण आले तर साधारण ठीक मानतात. त्यांचे आले ८.३.

निदान असं लिहिलं : शस्त्रक्रियेने आलेली अकाली रजोनिवृत्ती, त्यामुळे योनीची कोरड आणि वेदना, वेदनेमुळे तळाच्या स्नायूंचा आकस, या दोन्हींमुळे उत्तेजना आणि इच्छा कमी, एस्सिटालोप्रामचा हातभार शक्य. या वर्गातल्या गोळ्यांनी अनेकांची इच्छा आणि कामपूर्ती मंदावते, पण गोळी सुरू व्हायच्या आधीच दुखणं सुरू झालेलं होतं, म्हणून तिला यादीत शेवटची जागा.

उपचार, आणि तिसऱ्या आठवड्यातली फसगत

मी एका कोऱ्या कागदावर गर्भाशय आणि दोन बाजूंना दोन बीजांडकोश काढून दाखवले. या दोन बदामांएवढ्या गोष्टी अंगाला ओलावा, झोप, हाडांची ताकद देत होत्या. टेस्टोस्टेरॉन पुरुषाचं म्हणून प्रसिद्ध असलं तरी बायकांतही असतं, आणि ते इच्छेला हातभार लावतं. पाळी आपोआप गेली तर बीजांडकोश ते थोडंफार बनवत राहतात. ते काढूनच टाकले की त्याची रक्तातली पातळी साधारण निम्म्यावर येते.

त्या बराच वेळ चित्राकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे माह्या डोक्यातलं नाही."

उपचार तीन जागी सुरू केले. अंगाला लावायचं इस्ट्राडायॉलचं, म्हणजे इस्ट्रोजेनचंच, जेल रोज. चाळिशीच्या आत बीजांडकोश गेलेल्या बाईला, मनाई करणारं काही नसेल, तर निदान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, हाडं आणि हृदयासाठीसुद्धा. गर्भाशय नसल्याने सोबत प्रोजेस्टेरॉनची गरज नव्हती. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार, काही नव्हतं; बीपी १२४/८०. दुसरं, योनीत लावायची इस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनची क्रीम, दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. तिसरं काहीच न करणं : त्या रोज झाकणभर जंतुनाशक पाण्यात टाकून खालची जागा धूत होत्या, स्वच्छतेसाठी. ते बंद, साबणही बंद, नुसतं पाणी. संबंधाच्या वेळी पाण्यासारखं वंगण, आणि संबंधही तूर्त नाही.

संक्रांतीनंतर त्या आल्या त्या जेलचं खोकं परत घेऊन. निम्मंही संपलं नव्हतं. औषधाच्या दुकानातल्या मुलाने विचारलं होतं, "काकू, हे हार्मोन आहे, कॅन्सर होते, कोणी लिहून दिलं?" घरी येऊन मुलीकडून आतलं पत्रक वाचून घेतलं तर त्यातही तेच. दोन्ही औषधं बंद केली. वाफा परत सुरू.

दोष माझा होता. पत्रकात काय लिहिलेलं असेल हे मला माहीत होतं आणि मी ते आधी सांगितलं नव्हतं. ही भीती मुख्यतः २००२ सालची. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासात हॉर्मोन घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकल्या. पण त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, आणि वाढ दिसली ती इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टिन (कृत्रिम प्रोजेस्टेरॉन) घेणाऱ्यांत. गर्भाशय काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात ती दिसली नव्हती. आणि इथे तर ४२ वर्षांच्या बाईला निसर्गाने दिलं असतं तेवढंच परत देत होतो. क्रीममधून रक्तात जातं ते आणखीच नगण्य. हे सगळं मी सांगितलं, आणि पत्रकातल्या त्या ओळीशेजारी पेनाने माझा फोन नंबर लिहून दिला. दुसऱ्या दिवशी मुलीने फोन करून तीन प्रश्न विचारले. चांगले प्रश्न होते.

फेब्रुवारीअखेर जळजळ थांबली. पंखा बंद झाला. पीएच ५ च्या खाली आला, त्वचेला गुलाबी रंग आला. मला वाटलं, जमलं. त्यांनी संबंधाचा प्रयत्न केला आणि तितकंच दुखलं.

क्रीमने कातडी बरी होते. चार वर्षं आवळून राहायला शिकलेले स्नायू क्रीम ऐकत नाहीत. भर म्हणजे या मधल्या काळात त्यांनी मोबाइलवर बघून ‘खालचे स्नायू घट्ट करण्याचा व्यायाम’ सुरू केला होता. रोज शंभरदा. ज्या स्नायूंना सोडायला शिकायचं होतं त्यांना त्या आणखी आवळत होत्या. हा व्यायाम वाईट नाही, लघवी थेंबथेंब गळते तिच्यासाठी उत्तम आहे. इथे तो उलटा पडला.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी तो बंद केला आणि श्वासापासून सुरुवात केली. पाठीवर निजवून, गुडघे वाकवून, एक हात पोटावर. श्वास घेताना पोट वर आलं पाहिजे आणि त्याच वेळी खाली, लघवी सुरू होताना जसं सुटतं, तसं सुटलं पाहिजे. पहिल्या दिवशी पोट हललंच नाही, फक्त खांदे वर जात होते. मग विचारलं, कणिक मळून झाल्यावर ती झाकून का ठेवता? "मुरायले." तसंच, मळायचं नाही, मुरू द्यायचं. त्या हसल्या आणि हसताना पोट हललं. तिथून पुढे सरकलं. मग स्वतःच्या बोटाने, आरशात बघत. मग वाढत्या जाडीच्या चार गुळगुळीत नळ्या, वंगण लावून, रोज दहा मिनिटं. घालताना ढकलायचं नाही, श्वास सोडताना आत घ्यायचं. तिसरी नळी यायला पाच आठवडे लागले.

नवरा

नवऱ्याला मी डिसेंबरमध्येच बोलावलं होतं. अधिवेशनात गाड्यांना मागणी, रात्री अकराशिवाय घरी नाही. आले ते जानेवारीच्या शेवटी, आणि बाहेरच्या बाकावर टोकाला बसून राहिले. आत आल्यावर पहिलं वाक्य असं : "मॅडम, ऑपरेशनमध्ये ते आतून शिवून टाकलं असन, असं मले कोणी तरी सांगितलं होतं."

चार वर्षं एका घरात दोन माणसं दोन वेगवेगळी कारणं धरून बसली होती. तिला वाटत होतं आपण संपलो. त्यांना वाटत होतं, "हिच्या मनातून मी उतरलो." दुखतं, हे तिने एकदाही सांगितलं नव्हतं. डोळे मिटून घ्यायची, आणि त्यांनी त्याचा अर्थ कंटाळा असा लावला होता. मी त्यांनाही तेच चित्र दाखवलं.

त्यांना दिलेलं औषध जुनंच आहे. १९७० मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने मांडलेलं. काही आठवडे संबंध पूर्ण बंद. फक्त स्पर्श, तोही आधी हात, पाठ, पाय, केस असाच. कुठेही पोहोचायचं नाही. "म्हणजे सुट्टी?" ते म्हणाले. म्हटलं, सुट्टी नाही, शिकवणी. बंदीचा फायदा हा की पुढे काय होणार ही धास्ती तिच्या अंगातून निघून जाते, आणि ‘नाही’ म्हणण्याचं ओझं तिच्यावर राहत नाही, ते डॉक्टरवर जातं.

खरी अडचण वेगळीच निघाली : दोन खोल्या, हॉलमध्ये सासूबाई, आत कॉलेजात जाणारी मुलगी. असल्या पुस्तकी उपचारात दार लावता येणारी खोली गृहीतच धरलेली असते. वाट त्यांनीच काढली. सासूबाई मंगळवारी सकाळी टेकडी गणपतीला जातात आणि मुलांची शिकवणी असते, तेव्हा सकाळची भाडी त्या दिवशी घ्यायची नाहीत.

त्यांना आणखी एक गोष्ट सांगावी लागली. बायकोने आधी आपणहून पुढे यावं, म्हणजेच तिला मन आहे, असा त्यांचा हिशेब. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलं की अनेक स्त्रियांत, विशेषतः जुन्या संसारात, इच्छा सुरुवातीला नसते. जवळीक, स्पर्श, निवांतपणा मिळाला की मागून येते. भूक लागली म्हणूनच पानावर बसतो असं नाही, फोडणीचा वास आल्यावरही भूक लागते. पण फोडणी रोज करपत असेल तर वास आला की माणूस घराबाहेर पडेल.

कुठवर आलं

एस्सिटालोप्राम मानसोपचारतज्ज्ञांना विचारून दीड महिन्यात कमी करत बंद केली. एकदम सोडली असती तर चक्कर, अस्वस्थता आली असती. झोप तोवर सुधारली होती. टेस्टोस्टेरॉनचा पर्याय सांगितला : रजोनिवृत्तीनंतर, बाकी सगळी कारणं पाहून झाल्यावरही इच्छा येत नसेल आणि त्याचा त्रास असेल, तर पुरुषांच्या मात्रेच्या साधारण दहाव्या हिश्श्यात ते देतात, २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रात तेवढाच उपयोग मान्य केला आहे. त्या म्हणाल्या, सध्या नको. अमेरिकेत इच्छेसाठी मंजूर झालेली फ्लिबॅन्सेरिन (२०१५) आणि ब्रेमेलानोटाइड (२०१९) ही औषधं तेव्हा पाळी चालू असणाऱ्यांसाठीच मंजूर होती, त्यामुळे इथे प्रश्नच नव्हता. योनीच्या लेझरची जाहिरात त्यांना कोणी तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. २०१८ मध्येच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा यंत्रांच्या दाव्यांबद्दल इशारा दिला आहे, आणि मीही नको म्हटलं.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा न दुखता संबंध झाला. मेमध्ये एकदा घाईत झाला आणि पुन्हा दुखलं. दोन आठवडे त्या नळ्यांकडे परत गेल्या. नवतप्यात त्यांनी फोन करून विचारलं, "मॅडम, आता ही वाफ ऊनाची का ती वाली?" बाहेर ४५ अंश होतं. म्हटलं, आज मलाही येते आहे.

जुलैमध्ये प्रश्नावली पुन्हा भरली. २४.३. रेषेच्या अजून खालीच. दुखणं जवळजवळ गेलं, ओलावा आला. इच्छा कधी असते, कधी नसते. ‘ते सैल पडणं’ दोनदा झालं, त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. जेल, क्रीम आणि कॅल्शियम चालू ठेवलं आहे, हाडांची तपासणी पुढच्या वर्षी.

निघताना त्यांनी आणखी एक प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. "ही जाऊची आहे. तिचीही पिशवी काढली ना. तिच्या कार्डावर ते बी.एस.ओ. लिहिलं का, पाहा."

कार्ड उघडलं. फक्त गर्भाशय काढलेलं होतं. ‘दोन्ही बीजांडकोश ठेवले’ असं डॉक्टरांनी स्वतंत्र ओळीत, खाली रेघ मारून लिहिलं होतं.

"मंग तिले काहून दुखते?"

"ते कार्डावरून नाही कळणार. त्यांना पाठवा. एकटीला."

"ती नाही येणार एकटी."

शेवटी असं ठरलं की या दोघी सोबत येतील, आणि लघवीच्या नमुन्याची डबी घेऊन काउंटरवर या वेळी या जातील.